बाळ ‘पेटीत’ असताना : अपुऱ्या दिवसांच्या बाळाच्या आईवडिलांसाठी

माझी मुलगी २९व्या आठवड्यात जन्मली आणि जन्मताना तिचे वजन १,१४० ग्रॅम होते. माझा रक्तदाब औषधांनी आवरेनासा झाल्यामुळे घाईने सिझेरियन करावे लागले, आणि भूल उतरल्यावर मी बाळाबद्दल विचारले तेव्हा सासूबाईंनी एवढेच सांगितले की बाळाला पेटीत ठेवले आहे. त्यानंतर ती ५३ दिवस नवजात अतिदक्षता विभागात होती. मी डॉक्टर नाही, त्यामुळे कोणते औषध द्यावे किंवा कोणता उपचार करावा हे या लेखात नाही. आईवडिलांनी पहिल्या दिवसापासून काय करावे, कोणाला काय विचारावे आणि कशासाठी थांबू नये, ते जमेल तेवढ्या क्रमाने लिहिले आहे. मी पहिले दहा दिवस काचेबाहेर हात जोडून उभी राहण्यात घालवले, कारण आईवडिलांना त्या खोलीत करण्यासारखे काम असते आणि त्यातले काही काम दुसरे कोणीही करू शकत नाही, हे मला कोणी सांगितले नव्हते. तुम्हाला ते पहिल्याच दिवशी कळावे, ही माझी मनापासूनची इच्छा आहे.

आधी शब्द समजून घ्या

गर्भारपणाचे ३७ आठवडे पूर्ण होण्याआधी जन्मलेल्या बाळाला अपुऱ्या दिवसांचे बाळ म्हणतात. त्यातही २८ आठवड्यांच्या आधीचे, २८ ते ३२ आठवड्यांमधले आणि ३२ ते ३७ आठवड्यांमधले, असे तीन गट डॉक्टर करतात, आणि तिन्ही गटांतल्या बाळांची वाटचाल फार वेगळी असते. म्हणून कोणाच्या तरी भाच्याची किंवा शेजारणीच्या नातवाची हकिगत ऐकताना ते बाळ कितव्या आठवड्यातले होते, हे आधी विचारावे. भारतात २०२० या एका वर्षात सुमारे ३० लाख बाळे अपुऱ्या दिवसांची जन्मली, असा जागतिक आरोग्य संघटना आणि युनिसेफ यांचा अंदाज आहे. तुमच्या घरात हे पहिल्यांदा घडत असले, तरी त्या विभागातल्या डॉक्टरांसाठी आणि सिस्टरांसाठी ते रोजचे काम आहे.

‘सातमाशी मूल जगते, पण आठमाशी जगत नाही’ हे वाक्य तुम्हाला कोणी ना कोणी ऐकवेलच. ते खरे नाही. पोटात काढलेला प्रत्येक जास्तीचा आठवडा बाळाच्या बाजूने असतो, आणि आठव्या महिन्यातल्या बाळाची फुप्फुसे सातव्या महिन्यातल्या बाळापेक्षा अधिक तयार असतात. घरातल्या मोठ्यांशी वाद घालत बसू नये, मात्र तुम्ही स्वतः हे वाक्य मनात ठेवू नये.

सरकारी जिल्हा रुग्णालयातल्या विभागाला ‘एसएनसीयू’ म्हणतात आणि मोठ्या किंवा खासगी रुग्णालयातल्या विभागाला ‘एनआयसीयू’. प्रत्येक एसएनसीयूमध्ये व्हेंटिलेटर असतोच असे नाही, त्यामुळे फार लहान बाळाला मोठ्या रुग्णालयात हलवावे लागू शकते. तुम्ही अजून गरोदर असाल आणि लवकर प्रसूतीची शक्यता डॉक्टरांनी सांगितली असेल, तर बाळ पोटात असतानाच चांगला नवजात विभाग असलेल्या ठिकाणी जाणे, हे जन्मानंतर बाळाला रुग्णवाहिकेतून हलवण्यापेक्षा केव्हाही चांगले.

पहिले तीन दिवस

या दिवसांत आई बहुधा दुसऱ्या मजल्यावर सलाईनला जखडलेली असते आणि सगळे काही वडिलांवर येते. वडिलांनी सर्वप्रथम एक साधी वही विकत घ्यावी. बाळाचे रोजचे वजन, किती दूध दिले, श्वासासाठी कोणती मदत चालू आहे, कोणती तपासणी झाली, डॉक्टर काय म्हणाले आणि त्यांचे नाव काय, एवढे तारीख घालून लिहावे. माझ्या नवऱ्याने ती वही ५३ दिवस लिहिली. डॉक्टरांची पाळी बदलली की निरोप कधी कधी अर्धाच पोहोचतो, अशा वेळी आमची वही दोनदा उपयोगी पडली.

बाळाच्या पायात ‘बेबी ऑफ’ आणि पुढे आईचे नाव असलेली पट्टी बांधलेली असते. तीवरचे नाव, लिंग, जन्मवेळ आणि वजन आपल्याला सांगितलेल्या माहितीशी जुळते का, ते पहिल्याच भेटीत वाचून घ्यावे.

पहिल्या दिवशी डॉक्टरांना चार गोष्टी विचाराव्यात : बाळ नेमके किती आठवड्यांचे आहे, श्वासासाठी त्याला किती मदत लागते आहे, आईचे दूध केव्हापासून देता येईल, आणि आम्हाला आत केव्हा येता येईल. ‘बाळ वाचेल ना?’ हा प्रश्न ओठांवर येतोच आणि तो जरूर विचारावा, पण त्या दिवशी त्याचे ठाम उत्तर कोणी देणार नाही. डॉक्टर पहिल्या ७२ तासांबद्दल बोलतात, कारण अशा बाळांच्या मेंदूतल्या नाजूक रक्तवाहिन्यांतून रक्तस्राव होण्याचा धोका मुख्यतः त्याच काळात असतो. टाळूवर यंत्र ठेवून डोक्याची सोनोग्राफी करतात ती यासाठीच. तिने बाळाला दुखत नाही.

श्वासाचे असे आहे की फुप्फुसातले हवेचे बारीक फुगे मिटू नयेत म्हणून आतून सरफॅक्टंट नावाचा पदार्थ लागतो, आणि तो अपुऱ्या दिवसांच्या बाळात पुरेसा तयार झालेला नसतो. गरज असल्यास तो औषध म्हणून श्वासनलिकेत देतात. त्यानंतर बऱ्याच बाळांना नाकातल्या छोट्या नळीवाटे सतत दाबाची हवा देतात, तिला सीपॅप म्हणतात. काही ठिकाणी त्याची दुसरी नळी पाण्याच्या बाटलीत सोडलेली असते, आणि त्या पाण्याचा बुडबुड आवाज दिवसरात्र चालू असतो. मला तो पहिल्यांदा भीतिदायक वाटला होता, पण बुडबुडे येत आहेत म्हणजे बाळापर्यंत दाब पोहोचतो आहे, असे सिस्टरांनी समजावल्यावर मी आत शिरताच आधी त्या बाटलीकडे पाहू लागले.

आत जाताना

हात कोपरापर्यंत, साबणाने, पूर्ण दोन मिनिटे धुवावेत, आणि त्याआधी अंगठी, घड्याळ, बांगड्या, मनगटावरचे गंडेदोरे सगळे काढून ठेवावे. जंतू तिथेच राहतात, आणि एवढ्या लहान बाळाला जंतुसंसर्ग हा सर्वांत मोठ्या धोक्यांपैकी एक असतो. मी पहिल्यांदा व्हीलचेअरवरून दाराशी गेले तेव्हा माझ्या दोन्ही हातांत हिरवा चुडा होता, कारण डोहाळजेवण होऊन आठच दिवस झाले होते. ओल्या बाळंतिणीने हात ओके ठेवू नयेत म्हणून सासूबाई घुटमळल्या. तेव्हा सिस्टरांनी काही न बोलता माझा हात बेसिनखाली धरला, मनगटाला भरपूर साबण लावला आणि एकही बांगडी वाढू न देता एकेक करून चोवीसही बांगड्या उतरवल्या आणि रुमालात बांधून सासूबाईंच्या हातात दिल्या. मंगळसूत्र पदराच्या किंवा गाउनच्या आत राहील असे ठेवू देतात का, ते विचारावे. नियम प्रत्येक विभागाचा वेगळा असतो.

सर्दी, खोकला, ताप किंवा हातावर पुरळ असेल तर त्या दिवशी आत जाऊ नये, मग मनाला कितीही जड जावो. मोबाइल आत न्यायचाच असेल तर तो पुसून न्यावा आणि बाळाला हात लावताना त्याला हात लावू नये.

स्पर्श करताना कुरवाळू नये. अपुऱ्या दिवसांच्या बाळाची कातडी इतकी पातळ असते की हळुवार चोळणेही त्याला सोसत नाही. एक हात डोक्यावर आणि दुसरा पायांवर, न हलवता, नुसता टेकवून ठेवावा. बाळ हळूहळू सैल होते. आपला आवाज त्याला पोटात असल्यापासून ओळखीचा असतो, म्हणून हळू आवाजात बोलावे किंवा ओवी, अंगाई, जे येत असेल ते गुणगुणावे.

यंत्राकडे किती पाहावे

पडद्यावर साधारण तीन आकडे महत्त्वाचे असतात : हृदयाचे ठोके, श्वासाचा वेग आणि रक्तातल्या ऑक्सिजनचे प्रमाण. ऑक्सिजन चालू असलेल्या अशा बाळाचे ते प्रमाण डॉक्टर सहसा ९० ते ९५ टक्क्यांच्या दरम्यान राखतात. ते मुद्दामच शंभरावर नेत नाहीत, कारण जास्तीचा ऑक्सिजन या बाळांच्या डोळ्यांना अपाय करतो. आमच्या शेजारच्या बाळाचे वडील ९२ दिसले की ‘ऑक्सिजन वाढवा’ म्हणून धावत जात, आणि त्यांचे काय चुकते आहे हे मलाही तेव्हा ठाऊक नव्हते.

गजर वारंवार वाजतो, आणि बरेचदा बाळाने पाय झाडल्यामुळे पायाला लावलेली यंत्राची पट्टी सैल झालेली असते. कधी कधी मात्र बाळ खरोखरच श्वास घ्यायचे विसरते. वीस सेकंद किंवा त्याहून जास्त काळ श्वास थांबण्याला अ‍ॅप्निया म्हणतात. सिस्टर येतात, तळपायावर बोट घासतात आणि बाळ पुन्हा श्वास घेऊ लागते. त्यासाठी कॅफीनचे औषधही देतात. मेंदूतले श्वासाचे केंद्र तयार होत जाते तशी ही विसरभोळी अवस्था बहुतेक बाळांत ३४ ते ३६ आठवड्यांच्या सुमारास संपत येते. गजर वाजल्यावर आधी बाळाच्या रंगाकडे आणि छातीकडे पाहावे, मग पडद्याकडे.

दूध : आईने करायचे पहिले काम

बाळाला पाजता येत नाही म्हणून दुधाचा प्रश्न पुढे ढकलू नये. प्रसूतीनंतर शक्य तितक्या लवकर, पहिल्या काही तासांतच, हाताने दूध काढायला सुरुवात करावी. सुरुवातीचे घट्ट, पिवळसर दूध म्हणजे चीक थेंबांनीच येते आणि तेवढेच हवे असते. त्यात जंतूंशी लढणारे घटक भरपूर असतात आणि त्याचे दोन थेंब बाळाच्या गालाच्या आत लावले तरी उपयोग होतो.

माझे पहिले दोन दिवस ‘हिला अजून दूधच आलेले नाही’ या चर्चेत गेले. तिसऱ्या दिवशी दुधाच्या खोलीतल्या मावशींनी माझ्या खांद्यामागे उशी लावली, कोमट पंचाने छाती शेकली आणि अंगठा व तर्जनी स्तनाग्राभोवतीच्या काळ्या भागाच्या थोडे मागे ठेवून आधी मागे दाबायचे आणि मग एकत्र आणायचे, हे करून दाखवले. पंधरा मिनिटांनी उकळलेल्या वाटीच्या तळाला जे जमले, ते सिस्टरांनी सुई नसलेल्या सिरिंजमध्ये ओढून घेतले, उजेडासमोर धरले आणि म्हणाल्या, “आई, दीड मिली आहे. तिला आत्ता एकच लागते.” त्या दिवशी मुलीला दर दोन तासांनी एक मिली दूध तोंडातून जठरात सोडलेल्या नळीवाटे दिले जात होते. ती वाटी मी अजून ठेवली आहे.

यापुढे दिवसातून किमान आठ वेळा दूध काढावे आणि त्यातली एक वेळ रात्रीची असावी, कारण दूध तयार करणारे संप्रेरक रात्री अधिक असते. हाताने काढा किंवा पंपाने काढा, पण वेळा चुकवू नका. आठवडाभर वेळा चुकल्या तर आटलेले दूध परत आणायला फार कष्ट पडतात. बाळाजवळ बसून काढले तर जास्त येते, आणि घरी असाल तर त्याच्या अंगावरचे दुपटे जवळ घेऊन बसावे. बाटलीवर नाव, तारीख आणि वेळ लिहावी, फ्रिजमध्ये किती वेळ चालेल ते त्या विभागाच्या नियमानुसार ठरवावे आणि घरून नेताना बर्फाच्या डब्यातून न्यावे. रक्तदाबाची किंवा इतर औषधे चालू असतील, तर दूध देण्याबाबत स्वतःच्या मनाने बंदी घालून घेऊ नये, डॉक्टरांना विचारावे. बहुतेक वेळा ते देता येते.

आईच्या दुधाचा एवढा आग्रह का, तर अपुऱ्या दिवसांच्या बाळांच्या आतड्यांना सूज येऊन ती सडण्याचा एक गंभीर आजार असतो, आणि आईचे दूध मिळणाऱ्या बाळांत तो डब्याच्या दुधावरच्या बाळांपेक्षा कमी आढळतो. आईचे दूध पुरत नसेल तर दुग्धपेढीतले दूध मिळते का, ते स्पष्ट विचारावे. आशियातली पहिली मानवी दुग्धपेढी मुंबईत शीव येथील लोकमान्य टिळक रुग्णालयात डॉ. आर्मिडा फर्नांडिस यांच्या पुढाकाराने १९८९ मध्ये सुरू झाली, आणि आता राज्यातल्या इतर शहरांतही अशा पेढ्या आहेत. दान करणाऱ्या मातांची रक्ततपासणी होते आणि दूध ६२.५ अंश सेल्सिअसवर ३० मिनिटे तापवून निर्जंतुक केले जाते. परक्या बाईचे दूध नको, असे आमच्या घरात कोणी तरी म्हणाले, तेव्हा माझ्या आजेसासूबाईंनीच सांगितले की त्यांच्या धाकट्या दिराला वाड्यातल्या दुसऱ्या बाळंतिणीने पाजून वाढवले होते.

चोखणे, गिळणे आणि श्वास घेणे यांचा मेळ साधारण ३४व्या आठवड्याच्या सुमारास बसतो. तोवर नळी, मग वाटी-चमचा किंवा बोंडले आणि मग अंगावर, असा प्रवास असतो. बोंडले आपल्या घरोघरी पूर्वीपासून आहे आणि दक्षिणेतली तशाच आकाराची ‘पलाडाई’ नवजात विभागांत रोज वापरली जाते. बाटली आणि रबरी बूच मात्र आणू नये. पहिल्या आठवड्यात वजन कमी होते, त्याने घाबरू नये. माझी मुलगी १,०३० ग्रॅमपर्यंत खाली आली आणि तेराव्या दिवशी पुन्हा जन्माच्या वजनावर पोहोचली.

कांगारू : आई आणि वडील दोघांचे काम

१९७८-७९ च्या सुमारास कोलंबियाच्या बोगोटा शहरात पेट्या कमी आणि बाळे जास्त अशी स्थिती होती. तेव्हा डॉ. एडगर रे सानाब्रिया आणि डॉ. हेक्टर मार्टिनेझ यांनी लहान बाळांना आईच्या छातीशी त्वचेला त्वचा लावून बांधून ठेवण्याची पद्धत सुरू केली. ती गरिबांची तडजोड राहिली नाही. २०२१ मध्ये प्रसिद्ध झालेल्या पाच देशांतल्या अभ्यासात, ज्यात दिल्लीचे सफदरजंग रुग्णालयही होते, जन्मानंतर लगेच कांगारू काळजी सुरू केलेल्या कमी वजनाच्या बाळांतले मृत्यू, आधी बाळ स्थिर होण्याची वाट पाहिलेल्या गटाच्या तुलनेत सुमारे एक चतुर्थांशाने कमी आढळले. त्यानंतर २०२२ मध्ये जागतिक आरोग्य संघटनेने अशा बाळांना जन्मानंतर शक्य तितक्या लवकर आणि दिवसाला ८ ते २४ तास कांगारू काळजी द्यावी अशी शिफारस केली. व्हेंटिलेटरवर असलेले किंवा रक्तदाब ढासळलेले बाळ याला अपवाद असते. नाकात सीपॅप किंवा ऑक्सिजन आहे एवढ्याच कारणाने नकार मिळाला, तर नम्रपणे, पण रोज विचारत राहावे.

पद्धत अशी आहे. पुढून उघडणारा सैल गाउन किंवा शर्ट घालावा. त्या दिवशी आंघोळ केलेली असावी, छातीवर पावडर, अत्तर, बाम काही नसावे. बाळाला फक्त लंगोट, टोपी आणि मोजे असतात. दोन्ही स्तनांच्या मध्ये उभे, छातीला छाती लावून, पाय बेडकासारखे दुमडलेले आणि डोके एका बाजूला वळवून थोडे वर, म्हणजे मान खाली पडून श्वास अडणार नाही, असे ठेवतात. वरून मऊ सुती कापड किंवा धुतलेल्या जुन्या साडीचा पट्टा बांधतात. एका वेळी किमान एक तास बसावे, कारण आत-बाहेर करण्यात बाळ दमते. म्हणून आधी जेवून, पाणी पिऊन आणि लघवीला जाऊन बसावे.

मला अकराव्या दिवशी पहिल्यांदा दिली. तिचे सगळे ओझे माझ्या तळहाताएवढे होते आणि तिच्या नळ्या माझ्या खांद्याला चिकटपट्टीने लावल्या होत्या. पहिली दहा मिनिटे मी श्वास धरून बसले, मग तिने डावा हात उघडून माझ्या कातडीवर पसरला आणि झोपली. मी गेले नाही त्या वेळी नवरा बसत असे. छातीवर केस असले तरी चालतात, हे पुरुषांना मुद्दाम सांगायला हवे, कारण याच संकोचाने अनेक जण मागे राहतात. आजी, मावशी, आत्या यांनाही बहुतेक ठिकाणी परवानगी देतात. घरी गेल्यावरही हे चालू ठेवावे. बाळ अडीच किलोच्या आसपास पोहोचले की ते स्वतःच चुळबुळ करून बाहेर यायला बघते, तेव्हा थांबवावे.

डॉक्टरांशी बोलणे, आणि वाईट दिवस

राउंडची वेळ माहीत करून घ्यावी आणि घरातल्या एकाच माणसाने बोलावे. काकांनी सकाळी, मामांनी दुपारी आणि फोनवरून ओळखीच्या डॉक्टरांनी संध्याकाळी विचारले तर तीन वेगवेगळी उत्तरे घरी पोहोचतात आणि भांडणे होतात. न समजलेला शब्द पुन्हा विचारावा आणि वहीत लिहून घ्यावा.

एक दिवस पुढे आणि दोन दिवस मागे, असे होतेच. सोळाव्या दिवशी माझ्या मुलीचे पोट फुगले, दूध बंद झाले, रक्तात जंतुसंसर्ग निघाला आणि पुन्हा सीपॅप लावावा लागला. आदल्या संध्याकाळी पाळीवरच्या डॉक्टरांना मी ‘ती आज मलूल वाटते’ असे सांगितले होते, तेव्हा ‘आई, तुम्ही काळजी फार करता’ असे उत्तर मिळाले. दुसऱ्या दिवशी मोठ्या डॉक्टरांनी बाळाच्या आईचे निरीक्षण नोंदवायलाच हवे होते असे सर्वांसमोर सांगितले. तुम्हाला बाळ नेहमीपेक्षा वेगळे वाटत असेल तर सांगा, आणि ऐकले गेले नाही तर वरच्या डॉक्टरांना सांगा. काही बाळे सगळे करूनही वाचत नाहीत. आमच्या रांगेतले एक बाळ गेले. तिथल्या सिस्टरांनी त्या आईच्या मांडीवर त्याला बराच वेळ राहू दिले. तसा वेळ मागण्याचा हक्क आईवडिलांना आहे.

डोळ्यांची तपासणी चुकवू नका

या लेखातली एकच गोष्ट लक्षात ठेवायची असेल तर ही ठेवा. अपुऱ्या दिवसांच्या बाळाच्या डोळ्यातल्या पडद्याच्या रक्तवाहिन्या पूर्ण वाढलेल्या नसतात, आणि जन्मानंतर त्या वेड्यावाकड्या वाढून पडदा सुटू शकतो. या आजाराला आरओपी म्हणतात. बाहेरून डोळे अगदी सुंदर दिसतात आणि आत दृष्टी जात असते. भारतात ३४ आठवड्यांच्या आधी किंवा २,००० ग्रॅमपेक्षा कमी वजनाने जन्मलेल्या प्रत्येक बाळाची तपासणी जन्मापासून ३० दिवसांच्या आत व्हायला हवी, आणि २८ आठवड्यांच्या आधीच्या किंवा १,२०० ग्रॅमपेक्षा कमी वजनाच्या बाळाची दोन ते तीन आठवड्यांतच. त्याहून थोड्या मोठ्या बाळाला ऑक्सिजन किंवा जंतुसंसर्ग यांमुळे बराच त्रास झाला असेल तर त्याचीही करावी. तपासणी एकदाच होऊन संपत नाही, रक्तवाहिन्या पूर्ण होईपर्यंत नेत्रतज्ज्ञ पुढची तारीख देतात. उपचार लागला तर तो ४८ ते ७२ तासांत करावा लागतो, म्हणून ‘पुढच्या आठवड्यात येतो, घरात कार्य आहे’ असे म्हणण्याची सोय इथे नाही. बाळ तिसाव्या दिवसाच्या आत घरी सोडले असेल तर तारीख लिहून घेतल्याशिवाय रुग्णालयाचे दार ओलांडू नये.

पैसे, रजा, कागद

सरकारी रुग्णालयात जननी शिशु सुरक्षा कार्यक्रमाखाली आजारी बाळाचे उपचार, औषधे, तपासण्या, रक्त आणि प्रवास वर्षभराचे होईपर्यंत मोफत आहेत. खासगी रुग्णालयात महात्मा जोतिराव फुले जन आरोग्य योजना लागू आहे का, ते दाखल होतानाच तिथल्या आरोग्यमित्रांना विचारावे आणि शिधापत्रिकेवर बाळाचे नाव नसताना कोणती कागदपत्रे चालतात तेही विचारावे. योजना लागू नसेल तर दर दोन-तीन दिवसांनी झालेल्या खर्चाचा तपशील मागावा. आरोग्य विमा असेल तर बाळाच्या जन्माची सूचना कंपनीला ताबडतोब लेखी द्यावी. जन्मनोंदणी २१ दिवसांत होते, नाव नंतर घालता येते, म्हणून नावासाठी नोंद अडवू नये. नोकरी करणाऱ्या आईला कायद्याने पहिल्या दोन अपत्यांसाठी २६ आठवड्यांची रजा आहे, आणि अपुऱ्या दिवसांच्या प्रसूतीमुळे आजारपण आले असेल तर वैद्यकीय दाखल्यावर आणखी एक महिना मिळू शकतो. हे पुष्कळ कार्यालयांना माहीत नसते.

घरचे आणि आईची तब्येत

पाचवी, बारसे, सव्वा महिना हे सगळे कॅलेंडर इथे बिघडते. आम्ही पाचवीची पूजा घरी केली आणि बारसे तीन महिन्यांनी केले. बाळंतिणीने बाहेर पडू नये असे म्हणणाऱ्या वडीलधाऱ्यांना विरोध करण्याऐवजी काम द्यावे : डिंकाचे लाडू, अळीवाची खीर, गरम जेवणाचा डबा रुग्णालयात वेळेवर पोहोचला तर आई तिथे जास्त वेळ बसू शकते. भेटायला येणाऱ्यांना तूर्त घरीच थांबवावे.

आईला रक्तदाब झाला असेल तर प्रसूतीनंतरही गोळ्या आणि तपासणी चालू ठेवावी. तीव्र डोकेदुखी, डोळ्यांपुढे अंधारी, धाप अशी लक्षणे दिसली तर बाळाजवळून उठून स्वतःच्या डॉक्टरांकडे जावे. रडू येणे साहजिक आहे, पण दोन आठवड्यांनंतरही झोप लागत नसेल, बाळाजवळ जावेसे वाटत नसेल किंवा जिवाचे बरेवाईट करण्याचे विचार येत असतील तर ते लपवू नये. १४४१६ या टेलि-मानस क्रमांकावर मराठीतून विनामूल्य बोलता येते. वडिलांनाही तिथे बोलता येते.

घरी नेताना आणि त्यानंतर

बाळाचे वजन काही दिवस सलग वाढत असेल, ते तोंडाने दूध घेत असेल, पेटीबाहेर अंग गरम राहत असेल आणि काही दिवस श्वास थांबलेला नसेल, तर घरी सोडतात. माझी मुलगी १,८४० ग्रॅमची झाल्यावर घरी आली. त्याआधी दोन दिवस आईने रुग्णालयातच राहून सगळे स्वतः करावे, म्हणजे शंका तिथेच विचारता येतात. घरी थर्मामीटर असावा. काखेतले तापमान ३६.५ ते ३७.५ अंश सेल्सिअस असावे. तळपाय गार लागले तर आधी छातीशी घ्यावे, मग टोपी आणि पांघरूण पाहावे. आंघोळीची घाई नको. धुरी, शेगडी, काजळ, बाळगुटी, मध, कानात-नाकात तेल यांतले काहीही नको. तीट लावायची हौस असेल तर ती टोपीवर लावावी. बाळाला पाठीवर झोपवावे. लोह आणि ड जीवनसत्त्वाचे थेंब सांगितले तितकेच, सांगितले तितके दिवस द्यावेत. गावच्या आशाताईंना बाळ आल्याचे कळवावे, त्या घरी येऊन वजन आणि तापमान पाहतात.

दूध ओढणे बंद होणे, उठवूनही न उठणे, श्वास मिनिटाला ६० पेक्षा जास्त होणे किंवा बरगड्यांखाली खड्डा पडणे, ओठ निळे पडणे, झटके येणे, तळहात-तळपायांपर्यंत पिवळेपणा पोहोचणे, ताप येणे किंवा अंग गार पडून गरमच न होणे, यांपैकी एकही दिसले तर सकाळ होण्याची वाट पाहू नये. १०८ ला फोन करावा आणि बाळाला छातीशी बांधूनच न्यावे.

लसी बाळाच्या खऱ्या जन्मतारखेनुसार द्यायच्या असतात, पण मान धरणे, पालथे पडणे, बसणे, चालणे हे दोन वर्षांपर्यंत दुरुस्त वयाने मोजायचे असते. माझी मुलगी ११ आठवडे लवकर आली, म्हणून ती सहा महिन्यांची झाली तेव्हा तिच्याकडून साधारण साडेतीन महिन्यांच्या बाळाचीच अपेक्षा होती. लग्नाकार्यात कोणी वय विचारले की आम्ही दोन्ही आकडे सांगत असू, म्हणजे ‘अजून पालथी पडत नाही?’ हा पुढचा प्रश्न येत नसे. कानांसाठी बेरा नावाची तपासणी घरी जाण्यापूर्वी किंवा पहिल्या तीन महिन्यांत करून घ्यावी. ती झोपेत करतात, म्हणून त्या दिवशी बाळाला गाडीत झोपू देऊ नये, केंद्रावर पोहोचल्यावर पोटभर पाजावे आणि मग आत न्यावे. रुग्णालयाचे डिस्चार्ज कार्ड, डोळ्यांच्या तपासणीचा कागद आणि ती वही एकाच प्लास्टिकच्या फोल्डरमध्ये ठेवावी आणि पुढची दोन वर्षे बाळाला कुठल्याही डॉक्टरांकडे नेताना सोबत न्यावी.